दोन गाईंची आंघोळ

आमच्या घरमालकीणबाई पाण्याचं माप गाईंमध्ये सांगत. टब भरून आंघोळ केली तर दोन गाई. वॉशिंग मशिन एकदा लावलं की दोन गाई आणि एक वासरू. नळ सोडून ठेवून भांडी विसळली तर एक गाय. कडक उन्हाळ्यात एक गाय दिवसभरात जेवढं पाणी पिते तेवढं त्यांचं एकक, आणि वासरू ही त्याची सुटी मोड. घर भाड्याने देताना त्यांनी आम्हाला ना डिपॉझिट विचारलं, ना आम्ही कुठल्या देशाचे ते. एवढंच विचारलं, "आंघोळ किती गाईंची करता?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बादलीने करतो."

"बादली," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक वासरू. तेही आजारी." आणि घर आम्हाला मिळालं.

गोष्टी क्रमाने सांगायची मला सवय आहे. याद्या करते, त्याप्रमाणे चालते, घरातले सगळे त्यावरून हसतात आणि त्याच याद्यांवर त्यांची घरं चालतात. पण बाईंचं काही लिहायला बसलं की क्रम लागत नाही. शेवटचे आठ-दहा दिवस मध्येच घुसतात आणि मान खाली जाते. म्हणून ते शेवटी ठेवते. आधी बाई.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नवऱ्याच्या व्हिसाची अट अशी होती की डॉक्टर मिळत नाहीत अशा एखाद्या गावी काही वर्षं काढायची. आम्हाला ओरेगनचा पूर्व भाग मिळाला. ओरेगन म्हटलं की लोकांना पाऊस आणि उंच हिरवी झाडं आठवतात. तो पाऊस पश्चिमेच्या डोंगररांगेपर्यंत येऊन संपतो. आमच्या बाजूला उंचावरचं वाळवंट. मैलोन् मैल राखाडी सेजब्रशची झुडपं, काळ्या खडकांचे सरळ तुटलेले कडे, आणि हिवाळ्यात लांबच्या डोंगरावर जो काही बर्फ पडेल तेवढंच वर्षाचं पाणी. गावात भाड्याने घर मिळेना. गावाबाहेर बाईंचं रँच होतं, तिथे पूर्वी गडीमाणसं राहायची ते दोन खोल्यांचं घर रिकामं पडलं होतं. मी मूळची गुहागरकडची. विहीर हात बुडवावा इतकी भरलेली, अंगणाच्या कडेने वाहणारं पाणी, शेवाळाने निसरड्या झालेल्या पायऱ्या, हे बघत वाढलेली. त्या माळावर पहिल्या आठवड्यात माझ्या नाकातून रक्त आलं, इतकी कोरडी हवा.

बाई तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. उंच, सडसडीत, चेहरा उन्हाने तडकलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कॉफी लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून प्यायच्या, कारण बरणीला झाकण असतं आणि उरलेली कॉफी फेकावी लागत नाही. पिकअपचं दार दोरीने बांधलेलं, त्यामुळे आत जायचं तर दुसऱ्या बाजूने चढून सरकत जायचं. चर्चला जात नसत. विचारलं तर म्हणत, "देवाला मी कुठे असते ते ठाऊक आहे. पाऊस पाडायचा असेल तर येईल."

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कुंपणांची सगळी गेटं दाखवली आणि एकच नियम सांगितला. गेट ज्या स्थितीत सापडेल त्या स्थितीत सोडायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं. माझा नवरा म्हणाला, "उघडं राहिलं असेल तर लावून घ्यायला नको का? गाई बाहेर जातील."

"उघडं राहत नाही. उघडं ठेवतात," बाई म्हणाल्या. "पलीकडे पाणी असतं."

त्या रँचवाल्या म्हणून ओळखल्या जात, पण त्यांना तो शब्द आवडत नसे. "मी गाई पाळत नाही. पाणी पाळते. गाई आपोआप येतात." हे वाक्य त्या बँकेतल्या माणसालाही ऐकवायच्या आणि दात काढायला बसल्या तेव्हा डेंटिस्टलाही. त्यांचं सगळं गणित असं होतं की त्या भागात गवत तसं पुरेसं असतं, पण ते पाण्यापासून लांब असतं. गाय पाण्यापासून मैल-दीड मैलापलीकडे जायला कंटाळते, चढ असेल तर त्याहून आधीच थांबते. मग काय होतं, पाण्याभोवतीची जमीन खरवडून खाल्लेली, आणि तीन मैलांवर पोटरीएवढं गवत उभ्याउभ्या वाळतंय. आम्ही राहायला गेल्यावर मी एकदा त्यांना शहाणपणाने म्हटलं होतं, "एवढी हजारो एकर जमीन आहे तुमच्याकडे." त्या म्हणाल्या, "माझ्याकडे चार झरे आहेत. बाकीची जमीन त्यांच्या मध्ये येते."

गाईंना वर चढवायला त्या मिठाचे ठोकळे वापरत. मीठ कधी पाण्याजवळ ठेवायचं नाही, दूर कड्याच्या पोटाशी ठेवायचं. खेचरावर ठोकळे लादून त्या स्वतः वर जायच्या. मी एकदा बरोबर गेले. वाटेत धापा टाकत विचारलं, "गाईंना कळतं का, मीठ कुठे आहे ते?"

"एकीला कळतं," त्या म्हणाल्या.

ती एक गाय म्हणजे बाईंच्या चेष्टेचा गावभरचा विषय. तोंडावर पांढरे-काळे डाग असलेली, म्हातारी, शिंग मोडलेली, कित्येक वर्षं भाकड. दर शरदात गुरांचा व्यापारी आला की तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिला आता तरी चढवू का ट्रकमध्ये?" आणि दर वर्षी बाई म्हणत, "तिच्या डोक्यात नकाशा आहे. नकाशा विकला तर मी कुठे जाऊ?" कड्याच्या मागे एका घळीत झरा होता, तो खालून दिसत नसे. ती वाट फक्त त्या गाईला आणि बाईंना ठाऊक. उन्हाळा चढला की ती म्हातारी चालू लागायची, तिच्यामागे कालवडी, आणि एखाद-दोन वर्षांत त्या कालवडींनाही वाट पाठ व्हायची.

आता पाटाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

डोंगरातून एक ओढा यायचा आणि त्याचं पाणी एका पाटाने पाच रँचांना मिळायचं. बर्फ वितळत असेपर्यंत सगळ्यांना पुरायचं. जुलैनंतर पाळ्या लागायच्या. ज्याची पाळी, त्याचा पाट. बाकीच्या चौघांची, पाटातून आपापल्या रानात पाणी घ्यायची लाकडी दारं तेवढे दिवस बंद, त्यांना कुलूप, आणि सगळ्या कुलपांची एक किल्ली जिच्याकडे असे ती माझी घरमालकीण. दर वर्षी सभा होऊन तिची निवड व्हायची आणि दर वर्षी दुसरं नाव यायचं नाही. माझा नवरा श्रीरामपूरकडचा. हे सगळं ऐकल्यावर तो इतका खूश झाला की जेवताजेवता घास हातात धरून म्हणाला, "अगं, ही तर आमची पाटकरी. डिट्टो. फक्त आमच्याकडे पाटकऱ्याला लोक चहा पाजतात, यार, आणि इथे ही सगळ्यांना धाक घालते."

धाक होता खराच. दुसऱ्याच्या पाळीत पाटातून बादलीभरदेखील पाणी घ्यायचं नाही, हा नियम. पाटाच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण होतं, गुरांनी काठ तुडवू नयेत म्हणून. आमच्या खालच्या अंगाचा शेजारी, पंचेचाळिशीचा, धिप्पाड आणि लाजाळू माणूस. बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. एका उन्हाळ्यात त्याच्या कालवडींनी कुंपण तोडलं आणि दुसऱ्याच्या पाळीत पाटावर जाऊन पाणी प्यायल्या. सगळे म्हणाले, जनावरं आहेत, सोडून द्या. बाईंनी सोडलं नाही. त्याला सभेत उभं राहून सांगायला लावलं की माझ्या गुरांनी पाळी नसताना पाणी घेतलं, आणि त्याच्या पुढच्या पाळीतला अर्धा दिवस कापला. "जनावराला नियम कळत नाहीत म्हणून तर आपल्याला कळावे लागतात," त्या म्हणाल्या होत्या. हे मला त्याच्या तोंडूनच कळलं. सांगताना त्याला बाईंचा राग आलेला दिसला नाही. उलट थोडा अभिमानच होता, कडक मास्तरांबद्दल असतो तसा.

आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात माझी आई आली. त्याआधीच्या हिवाळ्यात बाबा गेले होते. भाऊ म्हणाला, तिला जरा तुझ्याकडे ने, इथे ती भिंतीकडे बघत बसते. मी तिला आणलं, आणि ती इथल्या भिंतीकडे बघत बसली. मी हॉस्पिटलच्या ऑफिसात रेकॉर्ड्स सांभाळायचे. सकाळी निघताना तिच्यासाठी यादी ठेवायचे, कुकर केव्हा लावायचा, टीव्हीवर काय बघता येईल, फोन वाजला तर काय म्हणायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर यादी तशीच आणि आई खिडकीशी तशीच. खिडकीतून झुडपं दिसायची. ती म्हणायची, "अगो, हिरवं काहीच कसं नाही?"

मग एके सकाळी ती बादली घेऊन बाहेर पडली आणि दारात सडा घातला. त्या धुळीत पाणी पडलं की चर्र आवाज करून नाहीसं व्हायचं, पण वास यायचा. बाई खेचर घेऊन चालल्या होत्या, थांबल्या.

"धूळ बसवतेय का ती?"

"नाही, आमच्याकडे सकाळी दारात पाणी शिंपडतात."

"कशासाठी?"

मला नीट सांगता आलं नाही. म्हटलं, "दिवस सुरू झाला म्हणून."

बाई थोडा वेळ त्या ओल्या चौकोनाकडे बघत राहिल्या. "सुरू झालेला दिसतो," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर आई रोज बाहेर. बॅगेच्या तळाशी तिने पुडीत बी आणलं होतं, लाल माठ, भेंडी, थोडे मुळे. घरामागे वाफे केले. जूनमध्येही रात्री दहिवर गोठायचं, तर बाईंनी कोठारातून जुन्या खिडक्यांची काचेची तावदानं आणून दिली, वाफ्यांवर ठेवायला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई मराठीत बोलायची, बाई इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना व्यवस्थित उत्तरं द्यायच्या. आई त्यांना बाई म्हणायची, तेच नाव आमच्या घरात पडलं. माठ उगवला तेव्हा बाई पोट धरून हसल्या. मला म्हणाल्या, "हे तण मारायला आम्ही औषध फवारतो. तुझी आई त्याला पाणी घालते." आईने परतून भाजी केली आणि वाडग्यात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली, मग म्हणाल्या, "गाईला कधी विचारलं नव्हतं कशी लागते ते. आता कळलं." म्हाताऱ्या गाईची गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती हातातला माठ निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भाकड झाली तरी काम असतं तिला."

आता ही गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. आई बाहेर पडायला लागल्यापासून बाईंनी गाईंचा हिशेब बंद केला. आई दोनदा आंघोळ करायची, कपडे मशिनला न देता नळाखाली खळखळून धुवायची, तांदूळ तीन पाण्यांनी, आणि संध्याकाळी रबरी पाइप लावून वाफे भिजवायची, कोकणात लावतात तसे, चिखल होईपर्यंत. आणि बाई एका शब्दाने एक वासरूही म्हणत नव्हत्या. मी मनाशी म्हटलं, यंदा नळाला येणाऱ्या झऱ्याला पाणी चांगलं असावं.

यंदा बर्फ कमी पडला होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

ऑगस्टात बाईंच्या पिकअपमध्ये पिंपं दिसू लागली. त्या गावातून पाणी भरून आणत होत्या. मी पाहिलं, पण विचारलं नाही. मग त्या खडकाळ रस्त्यावर पिंपांच्या वजनाने पिकअपचा आस मोडला. "जुनी होती," एवढंच म्हणाल्या. गाडी कोठारापुढे एका बाजूला कलून उभी राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. मला सुट्टी होती, मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. खालचा शेजारी पाटाच्या कडेकडेने गाडी हळू चालवत वर आला. बाईंच्या पाटावरच्या दारापाशी उतरला, वाकला, बघितलं. बाई तिथेच होत्या. कुंपणाच्या अलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅम," तो म्हणाला, "तुमच्या दाराला गळती लागलेली दिसते."

"दाराला काही झालेलं नाही."

"जुनं लाकूड आहे. वाळलं की फटी पडतात."

"फट नाही. खाली दगड घातलाय, दार पूर्ण बसू नये म्हणून. मी घातलाय. दोन दिवस झाले, आज तिसरा."

त्याने टोपी काढली आणि आतल्या घामाच्या पट्टीकडे बघत राहिला. कान लाल. "माझ्या दृष्टीने ती गळतीच आहे."

"तुझ्या दृष्टीने काय ते घरी ठेव, पोरा. पाळी तुझी होती. रविवारी सभा बोलवू. तू सगळ्यांना कळव, नाहीतर मी कळवते."

"एवढं कशाला, मॅम? गाईंनाच पाजलंत ना?"

"तुझ्या कालवडींच्या वेळी मी काय म्हटलं होतं?"

त्याने टोपी परत घातली. बाईंनी वाकून दगड काढला, दार खाली बसलं, कुलूप लागलं. दगड त्यांनी कुंपणापलीकडे टाकला नाही, हातात धरून घराकडे गेल्या.

मला एखादी गोष्ट जुळली नाही की स्वस्थ बसवत नाही. बाई आणि पाण्याची चोरी हे जुळत नव्हतं. मी खाली कुरणातल्या गुरांच्या हौदापाशी गेले. हौदाच्या तळाशी पाटाचं गढूळ पाणी होतं, आणि वरून येणारा झऱ्याचा पाइप कोरडा ठणठणीत. त्या पाइपच्या मागोमाग मी टेकडी चढले. वर, चारांपैकी घराजवळच्या एकाच झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटची टाकी होती. टाकीतून एक पाइप आमच्या दोन घरांना. टाकी भरून वाहिली की वरच्या भोकातून उरलेलं पाणी गाईंच्या हौदाला. टाकी अर्ध्याच्या खाली होती.

घरी येऊन मी सगळे नळ बंद केले. आई वाफ्यात होती, तिच्या हातातल्या पाइपातून पाणी यायचं थांबलं तशी म्हणाली, "का गो, काय झालं?" मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी हौदावर जाऊन उभी राहिले. पाइपच्या तोंडाशी आधी थेंब जमले, मग करंगळीएवढी धार लागली. दोन गाई लगेच आल्या. मी तिथे उभी होते आणि मला त्या जनावरांकडेदेखील बघवेना.

आईला सांगितलं. ती पायरीवर बसली. "मग ती बोलली का नाही? मी रोज पाइप हातात घेऊन तिला हात करत्ये. ती पण हात करते." थोड्या वेळाने उठली, पदर सारखा केला आणि तडक बाईंच्या दारात. मी मागोमाग. बाईंनी दार उघडलं. आईला येत होतं तेवढं इंग्रजी तिने गोळा केलं. "सॉरी. नो गार्डन. फिनिश."

बाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हिला कुणी सांगितलं?"

"मी."

"कशाला?"

"तिला कळायला हवं होतं. जे आहे ते..."

"तुला सगळं आवरून ठेवायची फार हौस," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "काही पसारा दुसऱ्याचा असतो." आणि मग आईकडे वळून, अगदी निराळ्या आवाजात, "नो, नो. गार्डन गुड." आई मान हलवत राहिली. दोघी दारात उभ्या, आणि एकमेकींना व्यवस्थित उत्तरं देणाऱ्या त्या दोघींना त्या दिवशी काही सुचत नव्हतं.

सभा जुन्या, एकाच खोलीच्या शाळेत भरायची. पिकअप मोडलेली, म्हणून बाईंना मी नेलं. आई म्हणाली, मी येणार. इस्त्रीची साडी नेसून मागे बसली. शाळेत पाच घरांची माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. बाई टेबलामागे उभ्या राहिल्या.

"विषय एकच आहे. पाळी नसताना पाणी घेतलं गेलं. घेणारी मी. माझ्याकडे किल्ली आहे म्हणून मला ते सोपं गेलं."

मग मागून एकाने विचारलं, "तुमच्या झऱ्याचं काय झालं?"

"झरा बारीक झालाय."

एवढंच. आमच्या घरांचं नाव नाही. मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"भाडेकरूंना या सभेत बोलता येत नाही," बाई म्हणाल्या.

"पण ते पाणी..."

"नियम आहे. माझ्याही आधीपासूनचा आहे. हात खाली घे."

कुणीतरी हसलं. आईने माझ्या कोपराला धरून विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "गप्प बस म्हणते." माझा हात खाली आला. तो मी खाली घेतला हे मला अजून आवडत नाही. वर ठेवला असता तर ते त्यांना त्याहून कमी आवडलं असतं.

खालचा शेजारी उठला. त्याची स्वतःची काही तक्रार नाही, म्हणाला, आणि नियमाप्रमाणे अर्धा दिवस कापा आणि विषय संपवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "अर्धा दिवस तर कापाच. ही कुणाकडे द्यायची ते ठरवा."

"एवढं नका ताणू, मॅम," तो म्हणाला.

"मी उद्या तुझ्या दाराशी येऊन म्हणेन, तुझी पाळी नाही. तू मनात काय म्हणशील?"

"काही म्हणणार नाही."

"तू म्हणणार नाहीस. म्हणूनच किल्ली तू घे."

तो नको नको म्हणत असताना त्याच्यासाठी हात वर झाले. कुणी बाईंकडे बघत नव्हतं. बाकावरचा नखाचा ओरखडा जणू पहिल्यांदाच दिसावा तसे सगळे खाली बघत होते. त्याने किल्ली उचलली, कुठल्या खिशात ठेवावी ते त्याला समजेना.

परत येताना मी गाडी मुख्य रस्त्याला लावली. मग मागून आई म्हणाली, "विचार तिला. एवढ्याशा भाजीसाठी?"

मी विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"सांग तिला, भाजीसाठी नाही. ती आली तेव्हा किती दिवस त्या घराबाहेर पडली नाही, मी बघत होते. मग एक दिवस बादली घेऊन बाहेर आली. तिला आत जा कसं म्हणू?"

मी आईला सांगितलं. आईने डोळ्यांना पदर लावला.

बाई पुढे बोलल्या, पण आता माझ्याशी नव्हे, काचेशी. "माझ्या दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची मला लाज वाटली. दाराखाली दगड सरकवताना तेवढी वाटली नाही. निम्म्यानेही नाही. एवढी वर्षं मी लोकांना सभेत उभं करत होते."

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

मला ते मराठीत आणता आलं नाही. म्हटलं, "काही नाही. रस्ता खराब आहे म्हणाली."

त्या बुधवारी बाईंची पाळी सुरू होणार होती, कापलेला अर्धा दिवस सोडून. मी रजा घेतली होती. धुण्याचं पाणी आता आई बादलीत धरायची आणि तेच वाफ्यांना घालायची, तरी माठाचा पाचोळा झाला होता. दुपारी मी कपड्यांची बादली घेऊन दोरीपाशी आले तर बाई आधीच पाटाच्या दाराशी येऊन उभ्या होत्या. शेजारी वेळेवर आला. गाडीतून उतरून त्याने किल्ली त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. "तुझं काम आहे."

त्याने कुलूप काढलं, दार उचलायचं चाक फिरवलं. दार वर सरकलं, पाणी आत आलं. तो त्यांच्याकडे वळला आणि सवयीने विचारून बसला, "एवढं पुरे का, मॅम?"

"मला विचारू नको," त्या म्हणाल्या. "किती सोडायचं ते आता तू सांगायचंस."

तो पाण्याकडे बघत राहिला, बाई समोरच्या डोंगराकडे. निघायचं कुणी आधी, ते दोघांनाही कळत नव्हतं. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिने माझ्या हातातला पिळा काढून बादलीत ठेवला.

"आत चल," ती हळूच म्हणाली. "बघू नको त्यांच्याकडे."

आम्ही कपडे तसेच टाकून आत गेलो आणि आवाज न करता दार लावून घेतलं.